व्यत्ययाबद्दल खेद नसावा

२० ऑक्टोबर २०१९ च्या रविवारी रात्री नऊच्या सुमारास अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तर भागात टोर्नेडो उतरला. त्याच वेळी शहरालगतच्या आर्लिंग्टन येथील मैदानावर डॅलस काउबॉइज आणि फिलाडेल्फिया ईगल्स या संघांमधला फुटबॉल सामना रंगात आला होता आणि एनबीसीच्या स्थानिक केंद्रावरून त्याचे थेट प्रक्षेपण चालू होते. राष्ट्रीय हवामान सेवेने टोर्नेडोचा इशारा जारी केला. केंद्राने सामना चालूच ठेवला. सहा मिनिटे. नंतर या केंद्राने जाहीर निवेदन काढले आणि सामना ताबडतोब थांबवला नाही ही आपली चूक झाली, अशी कबुली देऊन क्षमा मागितली. शून्य ते पाच अशा तीव्रतेच्या श्रेणीत तिसऱ्या पायरीवर बसणाऱ्या या वादळाने घरे, दुकाने, शाळा मोडून टाकल्या. माणूस मात्र एकही दगावला नाही. तो दैवाचा भाग. त्या सहा मिनिटांचे श्रेय त्याला देता येणार नाही.

या क्षमायाचनेत आम्हांला रस आहे, कारण ती उलट्या दिशेची आहे. ज्यांचे बालपण दूरदर्शनसमोर गेले, त्यांना 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आठवत असेल. व्यत्यय आला की खेद व्यक्त करायचा, हा प्रक्षेपणाचा शिष्टाचार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की व्यत्यय हा स्वभावतःच अपराध असतो असे आपण धरून चालतो. डॅलसच्या केंद्राला व्यत्यय न आणल्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. आमचे म्हणणे असे की हाच खेद खरा. आणि जीविताच्या इशाऱ्यासाठी सामना तोडणाऱ्याने कोणाचीही क्षमा मागू नये, अर्ध्या वाक्यानेसुद्धा नाही.

हे इतके उघड असताना लेख लिहिण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे, कारण व्यवहारात नेमके उलटे घडते. त्याच वर्षी, १४ एप्रिल २०१९ रोजी, ऑगस्टा येथे मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा अखेरचा दिवस होता. टायगर वुड्स अकरा वर्षांनंतर पुन्हा एक मोठी स्पर्धा जिंकण्याच्या बेतात होता. अटलांटातील सीबीएसच्या तत्कालीन केंद्राने टोर्नेडोच्या इशाऱ्यासाठी प्रक्षेपण तोडले, आणि इशारा देणाऱ्या तरुण हवामान-निवेदिकेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. यातला विपर्यास असा की, त्या दिवशी दुपारी वादळे येणार या अंदाजामुळे खुद्द स्पर्धेच्या संयोजकांनी खेळाच्या वेळा अलीकडे आणल्या होत्या आणि खेळाडूंना तिघातिघांच्या गटांत, सकाळी लवकर मैदानात उतरवले होते. म्हणजे खेळाडूंच्या जिवासाठी खेळाचे वेळापत्रक मोडलेले चालते. परक्या प्रेक्षकाच्या जिवासाठी खेळाचे चित्र मोडलेले चालत नाही. पुढच्याच महिन्यात, २७ मेच्या रात्री, ओहायोतील डेटन परिसरावर टोर्नेडोंची रांग लागली. तिथे तोडलेला कार्यक्रम खेळाचा नव्हता, वधूवर-निवडीचा एक लोकप्रिय खेळ होता. तो तोडल्याबद्दलच्या तक्रारी वाचून हवामानतज्ज्ञाचा संयम थेट प्रक्षेपणातच सुटला. त्या रात्रीचा सर्वांत मोठा टोर्नेडो चौथ्या पायरीचा होता.

धमक्या देणारे चार माथेफिरू असतात, त्यांच्यावर लेख कशाला, हाही आक्षेप येईल. आम्हांला माथेफिरूंची चिंता नाही. चिंता आहे ती या रागाला प्रतिष्ठा देणाऱ्या व्यवस्थेची, आणि ती व्यवस्था जुनी आहे. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांच्या सामन्यात जेट्स ३२–२९ असे पुढे होते आणि ६५ सेकंद उरले होते. ठरलेली वेळ झाली म्हणून एनबीसीने देशाच्या मोठ्या भागात सामना तोडून 'हायडी' हा बालचित्रपट सुरू केला. उरलेल्या वेळात ओकलंडने अवघ्या नऊ सेकंदांच्या अंतराने दोनदा गुण वसूल करून सामना ४३–३२ असा जिंकला. दूरध्वनींच्या भडिमाराने एनबीसीची यंत्रणा कोलमडली. दूरचित्रवाणीने त्यातून घेतलेला धडा आजतागायत कायम आहे: सामना संपेपर्यंत हात लावायचा नाही. पुढे फुटबॉल लीगच्या करारांतही त्याची तजवीज झाली. बालचित्रपटासाठी सामना तोडणे हा मूर्खपणा होता, हे आम्हीही मान्य करू. पण संस्थांची स्मृती भेद करीत नाही. सामना तुटल्यावर किती जणांचे फोन येतात एवढेच तिच्या लक्षात राहते. मेलेल्यांचे फोन येत नाहीत.

आता इशारा म्हणजे नेमके काय ते पाहू. कारण या वादातला निम्मा गोंधळ या अज्ञानातून येतो. आपल्या कोकणकिनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ आणि टोर्नेडो ही दोन वेगळी संकटे आहेत. ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेल्या 'निसर्ग'ची वार्ता आपल्याला आधीच लागली होती; होड्या किनाऱ्याला लागल्या, माणसे हलवली गेली. टोर्नेडो असा सवडीने येत नाही. एखाद्या प्रचंड मेघाच्या पोटात फिरणारी हवा रडारवर दिसते आणि इशारा दिला जातो. तेव्हापासून वादळ दारात येईपर्यंत सरासरी दहा-बारा मिनिटांचा अवधी मिळतो, कधी तोही मिळत नाही. या हिशेबात सहा मिनिटे म्हणजे काय ते वाचकांनीच ठरवावे. एवढ्या वेळात म्हाताऱ्या आईला तळघरात नेता येते, किंवा येत नाही.

शिवाय हा इशारा पूर्वीसारखा अख्ख्या काउंटीला दिला जात नाही. १ ऑक्टोबर २००७ पासून अमेरिकी हवामान सेवा वादळाच्या वाटेवर एक लहानसा बहुभुज आखते आणि तेवढ्याच प्रदेशाला इशारा देते. ही शास्त्राची मोठी प्रगती. परंतु दूरचित्रवाणी केंद्राचा प्रदेश अनेक काउंट्यांचा असतो. त्यामुळे इशारा जितका नेमका, तितका तो निरर्थक वाटणाऱ्या प्रेक्षकांची संख्या मोठी. सामना तुटल्याचा राग कोणाला येतो? बहुभुजाच्या आत असलेल्याला येत नाही. तो जिना उतरत असतो. राग येतो तो बाहेरच्याला. या साऱ्या वादाची नैतिक रचना एवढीच आहे: सुरक्षित असलेले बहुसंख्य, संकटात असलेल्या अल्पसंख्यांना विचारतात की तुमच्या जिवासाठी आमचा किती खेळ बुडणार?

प्रतिपक्षाचे चार मुद्दे आम्ही गंभीरपणे घेतो.

पहिला मुद्दा मोबाइलचा. २०१२ पासून अमेरिकेत मोबाइलवर आपत्कालीन इशारे येतात. मग दूरचित्रवाणीने खेळ का तोडावा? यावर उत्तर असे की फोनवरचा इशारा माणसाला जागा करतो, पण पटवत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे त्याची मर्यादा ९० अक्षरखुणांची होती. २०१९ मध्ये ती ३६० वर गेली. मिसुरीतील जॉप्लिन येथे २२ मे २०११ च्या टोर्नेडोत दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर हवामान सेवेने केलेल्या पाहणीत दिसून आले की बहुसंख्य लोकांनी पहिल्या इशाऱ्यावर हालचाल केली नाही. दुसरी, तिसरी खूण मिळेपर्यंत ते थांबले. हा मूर्खपणा नव्हे, हा मनुष्यस्वभाव आहे. २०२३ मध्ये आपल्याकडेही चाचणीसाठी मोबाइलवर असे इशारे वाजले. दचकून आधी ते बंद न करणारे आपल्यापैकी कितीजण होते? माणसाला नकाशा पाहायचा असतो, गावाचे नाव ऐकायचे असते, ओळखीच्या आवाजाने 'आता उठा' म्हटलेले हवे असते. हे काम स्थानिक केंद्रावरचा हवामानतज्ज्ञ करतो. आणि सामन्याच्या वेळी माणसे नेमकी कुठे बसलेली असतात? त्याच पडद्यासमोर.

दुसरा मुद्दा पडद्याखालच्या धावत्या पट्टीचा. पट्टी फिरवा, कोपऱ्यात नकाशा ठेवा, खेळ चालू द्या. साध्या गडगडाटी पावसासाठी हे ठीकच आहे, आणि केंद्रे ते करतातही. पण प्रत्यक्ष टोर्नेडोच्या वेळी पट्टी अपुरी पडते. अंध माणसाला ती दिसत नाही; स्वयंपाकघरातून नुसते कान देणाऱ्याला ती ऐकू येत नाही. आणि डोळसाचे काय? ज्या पडद्यावर चेंडू हवेत आहे, त्या पडद्यावर खालची अक्षरे कोण वाचतो? पट्टीचा आग्रह धरणारे नकळत एक कबुली देतात: दुर्लक्ष करता येईल असाच इशारा त्यांना हवा आहे.

तिसरा मुद्दा खोट्या इशाऱ्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सात वेळा टोर्नेडो येत नाही. इथे 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट हमखास काढली जाते. गोष्ट काढणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नसते. तो मुलगा खोटे बोलत होता. त्याने लांडग्याची सावलीही पाहिली नव्हती. रडारवर फिरणारी हवा पाहणारा तज्ज्ञ खोटे बोलत नाही. त्याने लांडग्याचे ठसे पाहिलेले असतात, लांडगा या वाटेने वळेल की त्या, एवढेच त्याला ठाऊक नसते. आणि त्या गोष्टीचा शेवट आपण मुलांना चुकीचा शिकवतो. घरी बसून राहिलेल्या गावकऱ्यांना मुलाची खोड मोडल्याचे समाधान मिळाले असेल. पण मेंढ्या त्यांच्याच होत्या.

चौथा मुद्दा आम्हांला पूर्ण नाकारता येत नाही. वादळ हाही दूरचित्रवाणीचा माल आहे. कोणत्या केंद्राचे रडार अधिक शक्तिशाली, कोणी आधी सांगितले, याच्या जाहिराती होतात. साध्या पावसाला युद्धाचे संगीत लावले जाते. अधिकाराने बोललेले शब्द घातकही ठरतात. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रेनोचा महाकाय टोर्नेडो आला, तेव्हा एका केंद्रावरच्या हवामानतज्ज्ञाने प्रेक्षकांना गाड्या काढून दक्षिणेकडे निघण्यास सांगितले. महामार्ग वाहनांनी तुंबले आणि माणसे मोटारींत, उघड्यावर अडकली. तेव्हा इशारा देणाऱ्याची चिकित्सा झालीच पाहिजे. परंतु या मुद्द्याचा निष्कर्ष काय निघतो? इशारा नेमका, संयत आणि जबाबदार असावा, हा. खेळ तोडू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. किंबहुना ज्यांनी क्षुल्लक कारणासाठी आरडाओरडा केला, त्यांनीच खऱ्या इशाऱ्याची पत घालवली, असे आमचेही म्हणणे आहे.

या ठिकाणी आमच्या स्वतःच्या शास्त्राकडे वळणे भाग आहे. आमच्या एका सहाध्यापकांनी या विषयावर बोलताना प्रेक्षकाची बाजू संस्कृत काव्यशास्त्राच्या आधारे मांडली. त्यांचे म्हणणे असे की सामना हे आधुनिक नाट्य आहे. त्यात आरंभ आहे, उत्कर्ष आहे, फलप्राप्ती आहे. ऐन फलागमाच्या क्षणी प्रक्षेपण तोडणे म्हणजे रसविघ्न होय. ही मांडणी आकर्षक आहे आणि आमचे विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत उतरवतील अशी भीती वाटते, म्हणून तिची तपासणी करू.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या मार्गातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक विघ्न असे: जे दिसते आहे ते 'माझे' किंवा 'परक्याचे' अशा विशिष्ट स्थळकाळाच्या बंधनात प्रेक्षक अडकतो. दुसरे एक असे: प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन झालेला असतो. आता सांगावे, 'माझा संघ', 'माझे शहर', 'माझी रविवारची रात्र' या ममत्वाने भारलेला प्रेक्षक कोणत्या रसाचा आस्वाद घेत असतो? अभिनवगुप्ताच्या कसोटीवर विघ्न बाहेरून येण्याआधीच आत बसलेले आहे. खेळाचा आनंद खरा आहे, तो आम्हीही घेतो. पण त्याला रसास्वादाचे सोवळे नेसवून इशाऱ्याला अस्पृश्य ठरवण्याची सोय शास्त्रात नाही.

आणि समजा, सामना हे नाट्यच आहे. तरी नाट्यातल्या भयाचा आस्वाद घेता येतो तो कशाच्या जोरावर? नाट्यगृहाचे छप्पर शाबूत आहे या विश्वासावर. लौकिक भय आणि भयानक रस यांत भेद आहे म्हणून तर रस आहे. छपराला आग लागल्यावर प्रयोग थांबवणाऱ्या व्यवस्थापकावर रसभंगाचा आरोप कोणी करीत नाही. 'पण आग तर पलीकडच्या सज्जात लागली आहे, आमच्या रांगेला झळ नाही,' असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला आपण काय म्हणू? आमच्या परंपरेने आदर्श आस्वादकाला 'रसिक' म्हटले, तसेच 'सहृदय'ही म्हटले. ज्याचे हृदय बहुभुजाच्या रेषेवर थांबते, त्याला ते नाव देऊ नये.

या वादाला आणखी एक बाजू आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी ती विशेष लक्षात घ्यावी. इशारा ही मुळात भाषा आहे, आणि तिचा इतिहास दडपणुकीचा आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेच्या शासकीय हवामान-अंदाजांतून 'टोर्नेडो' हा शब्दच वर्ज्य करण्यात आला. लोक घाबरतील, हे कारण. ही बंदी १९३८ पर्यंत टिकली. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज वर्तवला. पण तो तळापुरता होता. सामान्य जनतेला असे अंदाज नियमितपणे मिळू लागले ते १९५२ पासून. म्हणजे दोन पिढ्या माणसे ज्या संकटाने मरत होती, त्याचे नाव त्यांना आधी ऐकू दिले गेले नाही. शांतता भंगू नये, या हेतूने. 'सामना भंगू नये' ही आजची मागणी त्याच घराण्यातली आहे.

आणि ज्या ध्वनीचा प्रेक्षकांना एवढा उपद्रव होतो, त्याचे खेळाच्या बाजारात काय झाले तेही पाहावे. अमेरिकेत आपत्कालीन इशाऱ्यासाठी राखून ठेवलेला कर्कश स्वर अन्य कारणांसाठी वाजवणे कायद्याने निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये फॉक्सने फुटबॉलच्या कार्यक्रमाच्या विनोदी जाहिरातीत तो वाजवला; फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०२३ मध्ये त्याबद्दल ५,०४,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ईएसपीएनने बास्केटबॉलच्या नव्या हंगामाची जाहिरात करताना तोच प्रकार केला. तिथे प्रस्तावित दंड १,४६,९७६ डॉलरचा होता. याचा अर्थ उघड आहे. सामना विकायचा असेल तेव्हा संकटाचा स्वर उसना घ्यायला हरकत नाही. संकट खरे असेल तेव्हा मात्र त्या स्वराने सामन्यात येऊ नये! शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, हे आम्ही वर्गात कवितेच्या संदर्भात सांगतो. इथे गुळगुळीत होणाऱ्या खुणेवर माणसाचा जीव अवलंबून आहे.

तेव्हा काय असावे? आमच्या अपेक्षा माफक आहेत. टोर्नेडोचा इशारा जारी झाला की प्रक्षेपण ताबडतोब तुटावे, आणि तो निर्णय रडारसमोर बसलेल्याचा असावा. जाहिरात विभागाचा नसावा, प्रेक्षकांच्या संतापाचा तर नसावाच. अमेरिकेत स्थानिक केंद्राला राष्ट्रीय जाळ्याचा कार्यक्रम बाजूला सारण्याचा हक्क आहे. तो निःसंकोच वापरावा. धोका टळताच केंद्राने वेळ न दवडता सामन्याकडे परतावे. इशारा संपल्यावरही पडदा अडवून बसणाऱ्या केंद्राची बाजू आम्ही घेणार नाही. पडद्याचे दोन भाग करून एकात सामना ठेवायचा असेल तर ठेवावा; आवाज मात्र इशाऱ्याचाच असावा. राहिला बुडालेल्या खेळाचा प्रश्न. तो खेळ पुन्हा दाखवता येतो, आणि दाखवला जातोच.

आपल्याकडे सामन्याच्या दोन षटकांमध्ये साबण, सिमेंट, पानमसाला, सगळे येऊन जाते आणि आपण निमूट पाहतो. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात जाहिरातींसाठी खेळ दर थोड्या वेळाने थांबतो, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जिवे मारण्याची धमकी देत नाही. मग हा आग्रह अखंडतेचा आहे, हे म्हणणे टिकत नाही. विकणाऱ्याचा व्यत्यय प्रेक्षकाने कधीच स्वीकारलेला आहे. त्याला सहन होत नाही तो वाचवणाऱ्याचा व्यत्यय, कारण त्यात परक्या माणसाची हाक असते, आणि त्या हाकेला ओ देण्याचे किंवा न देण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. जाहिरात त्याच्याकडून फक्त पैसे मागते.

साहित्य शिकवणाऱ्यांचा या प्रकरणाशी संबंध एवढाच, आणि तो थोडा नाही. तन्मयता हे मूल्य आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो. तन्मय झालेल्या माणसाला हाक ऐकू आली पाहिजे, हेही आता शिकवावे लागेल.